व्हीटी-ईबीडी 'एम्परर अशोक' : एका जम्बोची पावणेसात वर्षं, प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

प्रोजेक्ट नेमका काय ते आधी लिहून टाकतो, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७, रजिस्ट्रेशन व्हीटी-ईबीडी, नाव 'एम्परर अशोक'. त्याची १९७१ ते १९७८ ची सगळी सर्व्हिस हिस्टरी एका लांब पट्टीवर मांडायची, सोबत १:१०० स्केलचं मॉडेल, आणि एक हाताने हलवून बघायचं उपकरण ज्यातून शेवटच्या उड्डाणात काय बिघडलं ते शाळेतल्या पोरांना कळेल. डिसेंबरमध्ये भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिथे ठेवायचं. नंतर आमच्या एरोमॉडेलिंगच्या ग्रुपकडे राहील.

हेच विमान का, तर नाशिकमध्ये विमान म्हटलं की ओझर आणि ओझर म्हटलं की मिग आणि सुखोई. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, इथला कारखाना १९६४ पासूनचा, प्रत्येक गल्लीत कोणाचे तरी वडील नाहीतर काका तिथे होते, त्यामुळे फायटर विमानांची माहिती इथे पोरांना तोंडपाठ असते. प्रवासी विमानाबद्दल मात्र कोणी एवढ्या प्रेमाने बोलत नाही. आणि 'अशोक'बद्दल काही वाचायला जा, सगळं एकाच रात्रीवर येऊन थांबतं, १ जानेवारी १९७८, वांद्र्यासमोरचा समुद्र, २१३ माणसं. ती रात्र विसरायची नाहीच आहे, पण त्याआधी हे विमान पावणेसात वर्षं रोज कामावर जात होतं, माणसं नेत होतं आणि सुखरूप आणत होतं, आणि ती पावणेसात वर्षं कोणी लिहीतच नाही. मला ती हवीत.

८ ऑक्टोबर

विमानाचं ओळखपत्र तयार केलं, पट्टीच्या सुरुवातीला हेच लागेल.

मॉडेल ७४७-२३७बी. यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे ३७, हा बोइंगने एअर इंडियाला दिलेला कस्टमर कोड. बोइंग प्रत्येक ग्राहकाला असा नंबर द्यायचं आणि तो विमानाच्या मॉडेलमध्येच घुसवायचं, म्हणून एअर इंडियाचं ७०७ हे ७०७-४३७, जम्बो ७४७-२३७, नंतरचं ७४७-४३७, आणि ७७७ सुद्धा ३३७. एकदा हे कळलं की कुठल्याही जुन्या बोइंगचा नंबर बघून ते मूळ कोणासाठी बनलं ते सांगता येतं, मला ही गोष्ट फार आवडते. बोइंगचा सिरियल नंबर १९९५९. बांधलं वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटच्या कारखान्यात. इंजिनं चार, प्रॅट अँड व्हिटनीची जेटी९डी. लांबी ७०.६ मीटर, पंखांचा विस्तार ५९.६ मीटर, शेपटीची उंची १९.३ मीटर, चाकं १८. कॉकपिटमध्ये तीन माणसं, कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर आणि मागे बाजूला तोंड करून बसलेला फ्लाइट इंजिनिअर. हा तिसरा माणूस पुढे महत्त्वाचा आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय.

डिलिव्हरी मार्च १९७१. मुंबईत आगमन एप्रिल १९७१.

१२ ऑक्टोबर

मॉडेलचं काम सुरू. बाजारात तयार किट मिळतात ती बहुतेक ७४७-४०० ची, त्यांचा वरचा मजला लांब असतो आणि पंखांच्या टोकाला उभी विंगलेट असतात, पंखही मोठे. अशोकला ते चालत नाही, त्याचा वरचा उंचवटा आखूड आणि पंखांची टोकं साधी. म्हणून सगळं हातानेच करायचं ठरवलं.

७४७ ची बॉडी साडेसहा मीटर रुंद, म्हणजे १:१०० ला साडेसहा सेंटीमीटर. प्लंबिंगचा ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप जवळजवळ बरोबर बसतो! इंजिनांसाठी २५ एमएम. नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून दोन्ही तुकडे आणले, त्यांनी विचारलं बाथरूमचं काम काढलं का, सांगितलं जम्बो जेट बनवतोय, तर त्यांनी मोबाइलवर फोटो मागून घेतला आणि तुकडा फुकट दिला. नाक आणि कुबड बाल्सा लाकडाचं, वरून एम-सील, मग लांबी (पुट्टी), मग पॉलिश पेपर, मग परत लांबी. चाकांसाठी १२ एमएमची काळी बटणं मेन रोडवरून, सोळा मागे चार-चारच्या गटात आणि दोन पुढे.

१९ ऑक्टोबर

पट्टीचं स्केल ठरलं. एक महिना म्हणजे पाच सेंटीमीटर. एप्रिल १९७१ ते १ जानेवारी १९७८, साधारण चार मीटर लांबी होते, फ्लेक्सवर एका तुकड्यात छापून मिळेल.

गंमत म्हणून हिशोब केला की शेवटचं उड्डाण या पट्टीवर किती जागा घेईल. टेकऑफपासून समुद्रापर्यंत साधारण १०१ सेकंद. पाच सेंटीमीटरला महिना या हिशोबाने ते दोन मायक्रॉनच्या आसपास येतं, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही आणि फ्लेक्सच्या मशीनला छापताही येणार नाही. हे बघितल्यावर मला पट्टी कशी करायची ते पक्कं समजलं. पट्टीवर फक्त नोकरी, अपघात वेगळ्या बोर्डावर, कारण त्याला स्वतःची जागा आणि स्वतःचा वेळ लागतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई आणि भाची आल्यात, भाची सुट्टीभर इथेच राहणार. तिला पट्टी दाखवली. तिचं म्हणणं, "मामा, लोक अपघातच बघायला येतील, बाकीचं कोण वाचणार?" मी म्हणालो वाचतील असं लिहायचं, तेच तर काम आहे. मग ती म्हणाली की झरोके मी करते, मला दे. दिलं.

झरोके म्हणजे या विमानाचा जीव. एअर इंडियाने जम्बो घेतले तेव्हा त्यांना 'पॅलेस इन द स्काय' म्हणायचं ठरवलं, आकाशातला महाल, आणि बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोक्याची कमान काढली. आत वरच्या मजल्यावर फर्स्ट क्लासवाल्यांसाठी लाउंज. नावंही तशीच, ७०७ ना हिमालयाच्या शिखरांची नावं होती, गौरीशंकर, नंदादेवी, कांचनजंगा, अन्नपूर्णा, आणि जम्बोंना सम्राटांची, पहिला अशोक, मग शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य. त्या काळात बाकीच्या बहुतेक एअरलाइन खिडक्यांवरून एक सरळ पट्टा ओढून मोकळ्या व्हायच्या. मला तरी एवढा डौलदार जम्बो दुसरा कुठला वाटत नाही.

आता मापं. ७४७ च्या दोन खिडक्यांमधलं अंतर २० इंच, म्हणजे आमच्या मॉडेलवर पाच एमएम. पाच एमएममध्ये एक कमान, तिचं टोक, दोन्ही बाजूचे खांब आणि मध्ये खिडकी, आणि हे एका बाजूला ओळीने, दारांच्या ठिकाणी तोडून. ब्रशने शक्यच नाही.

२७ ऑक्टोबर

शालिमारला रेडियम कटिंगवाल्याकडे गेलो, गाड्यांवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' कापून देणारा. भाचीने कॉम्प्युटरवर झरोक्याची एक ओळ काढून दिली होती. तो म्हणाला एवढं बारीक मशीन उचलणार नाही, कमानीचं टोक फाटेल. मग त्यानेच उपाय सांगितला, कमान लाल न कापता उलटं करायचं, आधी पूर्ण पट्टा लाल स्प्रे मारायचा, त्यावर कमानीच्या आकाराचं मास्क चिकटवायचं, वरून पांढरा मारायचा आणि मास्क सोलायचं. मास्कमध्ये कमानी एकमेकींना खाली जोडलेल्या राहतात त्यामुळे एकेक उचलावी लागत नाही, अख्खी माळ एकदम निघते. ब्लेडचा कोन बदलून त्याने समोरच कापून दाखवलं, पहिल्या माळेचं एकही टोक फाटलं नाही. कारागीर माणूस आहे, त्याला प्रदर्शनाचं आमंत्रण दिलंय.

२ नोव्हेंबर

पट्टीवर काय काय जाईल ते आज बसून लिहिलं, सगळ्यात जास्त वेळ याच्यात गेला.

पहिला भाग, १९७१. ७४७ चा प्रोटोटाइप ९ फेब्रुवारी १९६९ ला उडाला, पॅन ॲम या अमेरिकन एअरलाइनने २२ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्क-लंडन सुरू केलं, आणि त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात आपल्याकडे सांताक्रूझला अशोक उभा. देशात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तेव्हाची ही गोष्ट. अध्यक्ष जे. आर. डी. टाटा, ज्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचं छोटं विमान स्वतः उडवत आणलं होतं. एका माणसाच्या हयातीत, एका इंजिनाच्या विमानापासून इथपर्यंत. १९५३ ला कंपनी सरकारी झाली तरी अध्यक्ष तेच राहिले. जम्बोंनी काम कुठलं केलं तर मुख्यतः मुंबई-लंडन-न्यूयॉर्क, त्यासाठीच ते घेतले होते.

दुसरा भाग मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. ऑक्टोबर १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले. जगभरातल्या जम्बोवाल्या कंपन्यांना त्याचा फटका बसला, कारण एवढं मोठं विमान अर्धं रिकामं उडवणं परवडेना. पण त्याच तेलाच्या पैशातून आखाती देशांत बांधकामं निघाली आणि आपल्याकडून माणसं तिकडे जायला लागली, केरळातून, कोकणातून, मुंबईतून, गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, नर्स, इलेक्ट्रिशियन. म्हणजे जे विमान लंडन-न्यूयॉर्कच्या झगमगाटासाठी, महालासारखं सजवून आणलं होतं, तोच महाल मुंबई-दुबई पण करायला लागला. पहिल्यांदाच विमानात बसणारा माणूस, हातात नवी सूटकेस, आणि बाहेर झरोके. माझ्या मते झरोक्यांचं खरं चीज तिथे झालं.

तिसरी ओळ पट्टीच्या खालून पूर्ण लांबीभर जाणार, मेन्टेनन्सची. प्रवासी विमानाचं आयुष्य निम्मं हँगरमध्ये ठरतं. दर उड्डाणाआधी फेरी मारून बघणं, मग ठराविक तासांनी ए चेक, मोठ्या अंतराने सी चेक ज्यात पॅनल उघडून आतलं बघतात, टायर, ब्रेक, इंजिन बदलणं, एकेक इन्स्ट्रुमेंट काढून शॉपमध्ये टेस्ट करून परत बसवणं. एका विमानाचे भाग सतत बदलत असतात, १९७८ चा अशोक म्हणजे १९७१ चा तोच अशोक, पण आतला कितीतरी माल मधल्या काळात नवा आलेला. सामान्य वाचकाला हे सांगायलाच हवं, नाहीतर 'मशीन जुनं होतं' असं काहीतरी डोक्यात बसतं. पावणेसात वर्षं हे ७४७ साठी काहीच वय नाही, यातली कित्येक विमानं पंचवीस-तीस वर्षं उडाली.

९ नोव्हेंबर

एचएएलमधून निवृत्त झालेले आमच्या कॉलनीतले काका आज आले. मिगच्या इन्स्ट्रुमेंटवर आयुष्य काढलेला माणूस. मॉडेल हातात घेऊन आधी पंखांचा कोन डोळ्याने मोजला, "बरोबर आहे रे" म्हणाले, मग चहा.

त्यांच्याकडून एडीआय समजून घेतला. एडीआय म्हणजे पायलटसमोरचं कृत्रिम क्षितिज. वर निळं, खाली तपकिरी, मध्ये स्थिर छोटं विमान. विमान उजवीकडे कललं की मागचं क्षितिज डावीकडे झुकतं, त्यावरून पायलटला बाहेर काही दिसत नसलं तरी आपण कसे आहोत ते कळतं. हे सगळं फिरत्या जायरोवर चालतं, जायरो आपली दिशा सोडत नाही आणि विमान त्याच्याभोवती फिरतं. जायरो बिघडून कुठेतरी भलतीकडे जाऊन बसला की त्याला इन्स्ट्रुमेंटवाले 'टॉपल झाला' म्हणतात. काकांनी सांगितलं की सगळ्यात धोकादायक बिघाड काटा गरगर फिरतो तो नव्हे, ते लगेच लक्षात येतं. धोकादायक बिघाड म्हणजे इन्स्ट्रुमेंट एका जागी शांत अडकणं, कारण ते अगदी खरं वाटतं.

"तुझ्याकडे दोन घड्याळं असली आणि दोघांत वेगळी वेळ दिसली तर तुला वेळ कळत नाही. तिसरं लागतं," काका म्हणाले. ७४७ मध्ये तिसरं होतं. कॅप्टनचं एक, फर्स्ट ऑफिसरचं एक आणि मध्ये स्टँडबाय.

भाची बाजूला बसून ऐकत होती, ती म्हणाली मला तीनही बनवायचेत.

१५ नोव्हेंबर

थंडी चांगलीच पडलीये आणि त्यामुळे लांबी वाळायला दोन-दोन दिवस घेतेय. नाकापाशी एक बारीक तडा गेला होता, तो उघडून परत भरला. पांढरा पहिला कोट झाला. बाकी काही नाही.

१६ नोव्हेंबर

अपघाताच्या बोर्डाचा मजकूर लिहिला. शांतपणे, क्रमाने.

१ जानेवारी १९७८, फ्लाइट ८५५, मुंबई ते दुबई. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. रात्री ८ वाजून ४१ मिनिटांनी सांताक्रूझहून पश्चिमेकडे टेकऑफ. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे हलकं उजवं वळण घेतलं, मग विमान परत सरळ झालं. पण कॅप्टनचा एडीआय सरळ झाला नाही, तो उजवा कल दाखवत तसाच राहिला. समोर अरबी समुद्र, रात्र, क्षितिज दिसायला एकही दिवा नाही. कॅप्टनना वाटलं विमान अजून उजवीकडे कललेलंच आहे, म्हणून त्यांनी ते डावीकडे आणलं, आणि आणतच राहिले. कॅप्टन आपलं इन्स्ट्रुमेंट टॉपल झाल्याचं बोलले. फर्स्ट ऑफिसरच्या एडीआयवर डावा कल दिसत होता, जो खरा होता, पण त्यांच्याकडूनही आपलं टॉपल झाल्यासारखंच उत्तर गेलं. फ्लाइट इंजिनिअरने मागून सांगितलं की त्या इन्स्ट्रुमेंटवर जाऊ नका. विमानाचा डावा कल १०८ अंशांपर्यंत गेला होता, म्हणजे पंख उभ्या रेषेच्याही पलीकडे, आणि साधारण ३५ अंश नाक खाली अशा अवस्थेत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर समुद्रात गेलं. २१३ पैकी कोणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय होता. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाची किंवा आगीची खूण सापडली नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की कॅप्टनचा एडीआय बिघडल्यामुळे त्यांना विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही, त्यातून चुकीचे कंट्रोल दिले गेले, आणि बाकीच्या इन्स्ट्रुमेंटवरून विमान सावरता आलं नाही. मृतांच्या कुटुंबांनी अमेरिकेत बोइंग आणि इन्स्ट्रुमेंट बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे केले, सिएटलच्या फेडरल कोर्टात १९८५ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला.

हे लिहून झाल्यावर माझं मत पण लिहितो, बोर्डावर नाही, इथे. 'पायलटची चूक' एवढे दोन शब्द लिहून फाइल बंद करणं मला पटत नाही. इन्स्ट्रुमेंट खरंच बिघडलं होतं. बाहेर खरंच काही दिसत नव्हतं. अंधारात शरीर जे सांगतं ते खरंच खोटं असतं. तिघांपैकी दोघांकडे खरी माहिती होती आणि ती योग्य माणसापर्यंत वेळेत, स्पष्ट शब्दांत पोचली नाही, यात हाताशी काही सेकंदच होते. आदल्याच वर्षी २७ मार्च १९७७ ला तेनेरीफ बेटावर दोन जम्बो धडकून ५८३ माणसं गेली होती, तिथेही कॉकपिटमधली शंका पुरेशा जोराने बोलली गेली नव्हती. १९७९ पासून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण आकाराला आलं, ज्युनिअरने सीनिअरला ठणकावून कसं सांगायचं आणि सीनिअरने ते कसं ऐकायचं, हे शिकवायचं शास्त्र.

ताईने बोर्ड वाचला आणि एवढंच विचारलं की यंदा अहमदाबादला झालं त्याचं काही लिहिणार का. नाही लिहिणार. १२ जूनच्या त्या ७८७ ची चौकशी चालू आहे, आणि अशोकवर काम करताना एक गोष्ट नक्की कळली, की पहिल्या आठवड्यात लोक जे ठामपणे सांगतात त्यावर बोर्ड लिहायचा नसतो.

२३ नोव्हेंबर

उपकरण. भाचीचं डिझाइन, आईच्या स्वयंपाकघरातला पाट घेतला, त्याच्या खाली मध्यभागी लाकडी गोल दांडा, म्हणजे पाट डावी-उजवीकडे कलतो. पाटावर एक छोटा सेन्सर, सहाशे रुपयांच्या आत सगळं इलेक्ट्रॉनिक्स झालं. समोर उभ्या फळीवर तीन गोल चकत्या, निळ्या-तपकिरी, प्रत्येकीमागे एक छोटी सर्व्हो मोटर. पाट हलवला की तिन्ही क्षितिजं हलतात. फळीच्या मागे एक बटण, ते दाबलं की डावीकडची चकती आहे तिथे थांबते.

खेळ असा, पाटावर हात ठेवणाऱ्याला फक्त डावी चकती दिसेल अशी बाजूच्या दोन्हींवर पुठ्ठा धरायचा, त्याला सांगायचं उजवीकडे कलव आणि मग सरळ कर. तो उजवीकडे नेतो, आम्ही बटण दाबतो, तो सरळ करायला जातो, चकती ढिम्म हलत नाही, तो अजून डावीकडे नेतो, अजून. ताईवर प्रयोग केला. पाट डावीकडे टेकेपर्यंत नेला तिने, मग पुठ्ठा काढला आणि ती बघतच राहिली. काही बोलली नाही. माझ्याही अंगावर काटा आला, खरं सांगतो, इतके दिवस वाचत होतो पण हे हाताला कळणं वेगळं.

३० नोव्हेंबर

भाचीने एक लाल दिवा जोडला, डाव्या आणि उजव्या चकतीत फरक पडला की पेटतो. दिवा पेटतो, पण कुठली खरी ते दिवा सांगत नाही! त्यासाठी तिसरीकडे बघावंच लागतं. काकांना बोलावून दाखवलं, ते खूश, म्हणाले हेच, हाच सगळा मुद्दा. आजच्या विमानांत तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, त्या एकमेकांशी ताडल्या जातात, फरक आला की स्क्रीनवर सूचना येते, आणि कल प्रमाणाबाहेर गेला तर आवाज 'बँक अँगल' ओरडतो.

पण नुसत्या दिव्याने भागत नाही, याचं उदाहरण बोर्डाच्या खाली टाकलं. २२ डिसेंबर १९९९, लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून निघालेलं कोरियन एअरचं कार्गो जम्बो, तेही ७४७-२०० च, तीही रात्रच, तिथेही कॅप्टनचा एडीआय कल दाखवेना. फरकाचा इशारा वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर बँक, बँक म्हणत होता, फर्स्ट ऑफिसर गप्प राहिला आणि विमान डावीकडे कलत जमिनीवर गेलं. चौघंही गेले. अशोकनंतर जवळजवळ बावीस वर्षांनी.

७ डिसेंबर

झरोके लागले! लाल कोट, मास्कची माळ, पांढरा कोट, आणि आज सकाळी उन्हात बसून भाचीने माळ सोलली. चिमटा शेवटच्या कमानीखाली घालून, खालच्या जोडपट्टीला धरून, अगदी सपाट मागे ओढत. वर उचललं तर रंगाची कड उचलते, सपाट ओढलं तर धारदार राहते. एकेक लाल कमान उघडी पडत गेली, पाच एमएम, पाच एमएम, पाच एमएम. नाकाजवळ नाव लिहिलं. शेपटीवर सेंटॉर, एअर इंडियाचं तेव्हाचं चिन्ह.

संध्याकाळी आईने पाट परत मागितला, तिला दुसरा आणून दिला.

१४ डिसेंबर

पट्टी छापून आली, चार मीटर. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदलेत त्यामुळे ती मित्राच्या गाडीतून गुंडाळी करून आणायला संध्याकाळ गेली. शेवटच्या टोकाला १ जानेवारी १९७८ नंतर मी एक महिना जास्त ठेवलाय, पाच सेंटीमीटर. त्याच्या कडेला १ फेब्रुवारी १९७८. त्या दिवशी मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून काढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा नाही, तसा दावा मी करत नाही, पण ज्या माणसाच्या कारकिर्दीत अशोक आला तो अशोकनंतर महिन्याभरात गेला, आणि एका पिढीचं एअर इंडिया तिथे संपलं, हे पट्टीवर दिसायला पाहिजे असं मला वाटलं.

काका पट्टीशी बराच वेळ उभे होते. मेन्टेनन्सची ओळ बोटाने शेवटपर्यंत वाचत गेले. म्हणाले, "आमच्या लोकांचं कोणी लिहीत नाही रे, बरं केलंस."

२० डिसेंबर

प्रदर्शन झालं. सकाळपासून पाटासमोर रांग. पोरांनी पाट हलवला, पालकांनी जास्त हलवला. रेडियमवाला दुकान बंद करून आला आणि लोकांना झरोके कसे कापले ते समजावत बसला. फिरत्या खुर्चीचा प्रयोग ऐनवेळी वाढवला, डोळे बांधून खुर्ची सावकाश एका वेगाने फिरवायची, थोड्या वेळाने बसणाऱ्याला वाटतं खुर्ची थांबली, आणि खरंच थांबवली की वाटतं उलटी फिरतेय. कानातल्या द्रवाचा खेळ, वेग बदलला तरच तो सांगतो. पायलटला अंधारात हेच होतं. हे केल्यावर 'त्यांना एवढंही कळलं नाही का' असं कोणी म्हटलं नाही, आधी दोन-तीन पालक म्हणाले होते.

आणि पट्टी वाचली लोकांनी. मोठी माणसं १९७३ पाशी जास्त थांबली, दोन बायका एकमेकींना सांगत होत्या कोणाचे दीर कधी मस्कतला गेले. सहावीतल्या एका मुलाने भाचीला विचारलं, "ताई, तीन होते, एक खराब होतं, मग दोन तर सारखेच दाखवत असतील ना?" ती म्हणाली हो. "मग मोजायचं ना." तिने त्याला टेकऑफपासूनचे सेकंद स्टॉपवॉचवर लावून दिले आणि त्या वेळात पाट सांभाळत तिन्ही चकत्या वाचून दाखव म्हणाली. तो पूर्ण वेळ तिथे उभा राहून करत होता, नंतर परत रांगेत जाऊन लागला.

२१ डिसेंबर

सामान ग्रुपच्या खोलीवर पोचवलं. डाव्या चकतीची सर्व्हो गरम होतेय, बदलायची. पट्टीच्या वरच्या कडेला आयलेट मारून घ्यायच्यात.

पुढचं विमान ठरलं, ७०७ 'गौरीशंकर'. १९६० ला आलेलं, जून १९८२ पर्यंत कामावर, म्हणजे याच स्केलने पट्टी तेरा मीटरच्या वर जाईल, महिन्याला दोन सेंटीमीटर करावं लागेल. बॉडी पावणेचार मीटर रुंद. ४० एमएमचा पाइप थोडा जाड पडतोय, पण तासून बसेल, आजच आणून ठेवलाय. गौरीशंकर आलं तेव्हा त्याच्यावर झरोके नव्हते त्यामुळे भाची जरा नाराज आहे.